उणे ऐंशी

गुरुवारी वीज जाते, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही.
तरी दर गुरुवारी मी फ्रीझरच्या अंगावर हात ठेवून उभी राहते,
व्यायला आलेल्या गाईजवळ उभं राहावं तशी.
आत उणे ऐंशी. आत तीनशे बारा माणसांचे गुडघे,
म्हणजे गुडघ्यातलं वंगण,
प्रत्येकी अर्धा मिली, निळ्या टोपणाच्या नळीत.
जनरेटर खोकतो, पुन्हा खोकतो,
लागतो एकदाचा.

आम्ही खूण शोधतोय.
रक्तात, सांध्याच्या पाण्यात, एखाद्या प्रथिनाच्या चढ-उतारात,
जी सांगेल की हे दुखणं सुजेचं, हे झिजेचं,
आणि हे नुसतं नसांनी पाठ करून ठेवलेलं.
म्हणजे मग गोळी अंदाजाने द्यायला नको,
सहा महिने ही, सहा महिने ती,
आणि पोट बिघडलं की पुन्हा पहिली.

फॉर्मवर एक पट्टी आहे. शून्य ते दहा.

बबन पायगुडे, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर,
पस्तीस वर्षं बसखाली उताणं झोपून नट आवळले,
बोटं आता आल्याच्या गड्ड्यासारखी.
पट्टी बघून म्हणाले, दोन.
दोन?
"मॅडम, दहा म्हणजे काय ते मी बघितलंय.
त्र्याऐंशी साली जॅक निसटला होता. माझ्यावर नाही."
मी दोन लिहिलं.
त्यांच्या नळीतला आकडा आलेखात मावेना,
कागदाला कागद जोडावा लागला.

आणि लीलावती ओसवाल, भवानी पेठ.
एक्स-रे स्वच्छ, तीन डॉक्टरांनी पाठवून दिलेलं घरी.
पट्टीवर नऊ. कसं दुखतं?
"सकाळी आखडतं, दुपारी ठणकतं, रात्री शिणशिणतं,
ढग आले की ठुसठुसतं,
आणि जिना नुसता दिसला ना, तरी कळ येते."
फॉर्मवर चौकट एकच.
मी समासात पेन्सिलीने लिहिते: ठणका. सल. कळ. जिना.
फाटक मॅडम विचारतात, ह्या जिन्याचं गणित कसं मांडणार?
पण खोडत नाहीत.

निरोगी गटात माणसं कमी पडली
तेव्हा मीही दंड पुढे केला.
पट्टीवर शून्य.
सात वर्षं पिपेट दाबतेय. उजव्या अंगठ्याला सकाळी
लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही,
म्हणून ते मी रात्रीच सैल करून ठेवते.
याला काही दुखणं म्हणत नाहीत.

परवा शून्यवाल्यांत एक आकडा चढलेला निघाला.
नळी दोनशे सात.
नळ्यांवर नावं नसतात, यादी मार्चमध्ये उघडेल.
तोवर कोण ते बघायचं नाही, असा नियम आहे,
आणि मला नियम पाळायला आवडतं,
या वेळी जरा जास्तच.

मघाशी पायगुड्यांचा फोन आला होता.
"सापडली का तुमची खूण?"
अजून नाही, काका.
"सावकाश शोधा. आमचं कुठं पळून जातंय!"
मग थोडं थांबून,
"पण त्या ओसवाल बाईंचं आधी बघा.
बाकावर शेजारी बसल्या होत्या.
त्यांना कुणी खरं मानत नाही म्हणे."

पावणेपाचला वीज येते.
उणे शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर,
आकडा आपल्या जागी उतरत जातो.
दाराची कडी नीट बसली का, ते मी तपासते,
डाव्या हाताने.